निदानाआधीच स्थलांतर: फ्लोरिडातल्या टोरेयाचं प्रकरण

३० जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, वेन्सव्हिल गावाजवळच्या खासगी जंगलांत काही निसर्गप्रेमींनी ३१ रोपं लावली. रोपं होती टोरेया टॅक्सिफोलिया या सूचिपर्णी झाडाची. हे झाड जगात नैसर्गिकरीत्या एकाच पट्ट्यात वाढतं: फ्लोरिडाच्या उत्तर भागात (आणि लगतच्या जॉर्जियाच्या अगदी कोपऱ्यात), अपालाचिकोला नदीच्या काठावर. वेन्सव्हिल तिथून सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, अपालाचियन डोंगरांत. रोपं लावणारी ही सगळी खासगी माणसं होती. त्यांनी कुठल्या खात्याची परवानगी घेतली नव्हती, आणि कायद्याने ती लागतही नव्हती. स्वतःला ते ‘टोरेया गार्डियन्स’ म्हणवत.

संकटात सापडलेली एखादी प्रजाती तिच्या मूळ जागेबाहेर, थंड हवेच्या प्रदेशात मुद्दाम नेऊन रानात लावण्याचं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण. त्यावर शोधनिबंध निघाले, परिसंवाद झाले, संवर्धनशास्त्र शिकवताना ‘हलवावं की हलवू नये’ या वादासाठी आजही हेच प्रकरण पुढे केलं जातं. मला मात्र या प्रकरणात खटकते ती वेगळीच गोष्ट. झाड कशाने मरतंय हे नक्की व्हायच्या आत उपाय ठरला होता, आणि दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं भांडण झालं ते उपायावर. आजाराचं नाव लागवडीनंतर पाच वर्षांनी लागलं.

घळींमधलं झाड

अपालाचिकोला नदी जॉर्जियाच्या सीमेवर चॅटाहूची आणि फ्लिंट या दोन नद्यांच्या संगमातून सुरू होते आणि दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात जाते. तिच्या पूर्वेचा काठ उंच, वाळूचा आहे. पावसाचं पाणी त्या वाळूत मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं. झरा पायथ्याची वाळू वाहून नेतो, वरचा उतार ढासळतो, आणि घळ उगमाच्या बाजूने मागे मागे सरकत जाते. नेहमीच्या ओढ्याची घळ वरून वाहणारं पाणी कोरतं. इथे कोरणारं पाणी खालून येतं. त्यामुळे या घळी खोल आणि उभ्या कडांच्या असतात, आणि तळाशी वर्षभर ओल टिकते. भोवतालचं पाइनचं रान उन्हाळ्यात तापलेलं असताना घळीत गारवा असतो.

या गारव्यात उत्तरेकडच्या डोंगराळ जंगलांची आठवण करून देणाऱ्या कितीतरी वनस्पती टिकून आहेत. टोरेया त्यांतली एक. तिच्याच कुळातला फ्लोरिडा यू हा दुसरा दुर्मीळ वृक्ष इथेच शेजारी वाढतो. एवढ्याशा जागेत यू कुळातली अशी दोन झाडं सापडावीत हे विलक्षणच आहे.

टोरेयाची नोंद पहिल्यांदा केली ती १८३०च्या दशकात हार्डी क्रूम या बागायतदार वनस्पतिअभ्यासकाने. तिच्या वंशाला टोरेया हे नाव मिळालं न्यूयॉर्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांच्यावरून. या झाडांखालीच क्रूमला एक छोटी वनस्पती सापडली होती, तिला टॉरींनी क्रूमिया हे नाव दिलं. पुढे १८३७ मध्ये ‘होम’ नावाच्या आगबोटीला जलसमाधी मिळाली, तीत क्रूम सहकुटुंब गेला. झाड आणि त्याच्या सावलीतली क्रूमिया ही दोन्ही नावं मात्र एकाच घळीत आजही नांदतात. १८७५ मध्ये हार्वर्डचे एसा ग्रे हे झाड पाहायला मुद्दाम इथवर आले. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका या दोन टोकांना वनस्पतींचे सख्खे नातलग कसे, या कोड्यावर ग्रे यांनी मोठं काम केलं होतं, आणि टोरेया हा त्या कोड्याचा उत्तम नमुना होता. तिची भावंडं जपान आणि चीनमध्ये आहेत, एक कॅलिफोर्नियात. जपानी टोरेयाचं, म्हणजे कायाचं लाकूड ‘गो’ खेळाच्या पटांसाठी नावाजलेलं. चिनी टोरेयाच्या बिया भाजून खातात.

हातात घेतल्यावर झाड लगेच ओळखू येतं. पानं चपटी, कडक, फांदीच्या दोन बाजूंना कंगव्यासारखी ओळीने. टोकाला खरोखरची बोचणारी सुई. यूचं पान बोटाला टोचत नाही, टोरेयाचं टोचतं. पान चुरडलं की उग्र, राळेसारखा वास येतो. त्या वासावरूनच स्थानिक लोक या झाडाला ‘स्टिंकिंग सीडर’, म्हणजे दुर्गंधी देवदार म्हणत. नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला शंकू येत नाही, गरात गुंडाळलेलं मोठं बी येतं, आणि ते पिकायला दोन हंगाम लागतात. हे सगळं पुढे कामाला येणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवतो.

जाता जाता एक गंमत. ब्रिस्टल गावच्या एल्व्ही कॅलावे या वकिलाने असा दावा केला की बायबलमधलं ईडनचं उद्यान इथेच होतं आणि नोहाची नौका ज्या ‘गोफर’ लाकडाची होती ते लाकूड टोरेयाचंच. त्याने १९५०च्या दशकात लोकांना दाखवायला तिथे उद्यानही उघडलं. आज त्या भागातल्या संरक्षित जंगलातली पायवाट ‘गार्डन ऑफ ईडन’ याच नावाने ओळखली जाते. नेमकं त्याच दशकात झाडं मरायला लागली.

मरणं आणि पुन्हा फुटणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घळींमध्ये टोरेयाची झाडं लाखांनी होती असे अंदाज आहेत. लाकूड कुजत नाही म्हणून कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या यांसाठी ती तोडली जात. नाताळात घरोघरी नेली जात. १९५०च्या दशकात नदीच्या उगमाशी जिम वुड्रफ धरण झालं, लेक सेमिनोल तयार झाला आणि काही झाडं पाण्याखाली गेली. हे सगळं नुकसान खरं, पण तोडलेलं टोरेयाचं झाड बुंध्यातून पुन्हा फुटतं. त्यामुळे नुसत्या तोडीने ही प्रजाती संपली नसती.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळंच दिसू लागलं. उभी, मोठी झाडं सुकू लागली. पानं पिवळी पडून गळायची, खोडावर काळपट खोलगट जखमा दिसायच्या, शेंडा मरायचा आणि मग सगळं खोड. १९६२ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या गॉडफ्री आणि कुर्ट्झ यांनी ‘सायन्स’मध्ये टिपण लिहून ही प्रजाती नामशेष व्हायच्या वाटेवर असल्याचं सांगितलं. अवघ्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक प्रौढ झाड गेलं होतं.

मुळं मात्र जिवंत राहिली. बुंध्यातून फुटवे आले, काही वर्षं वाढले, त्यांच्या खोडावर तीच जखम आली, ते मेले, पुन्हा नवे फुटले. साठ वर्षं हेच चाललंय. आज रानात ज्यांना टोरेयाची झाडं म्हणून मोजतात, ती बहुतांशी माणसाच्या उंचीपेक्षाही कमी असलेली, फुटव्यांच्या अवस्थेत अडकलेली खोडं आहेत. त्यांची संख्या हजाराच्या आत आहे, आणि एकूण घट ९८ टक्क्यांच्या पुढची. फुटवा बी धरण्याच्या वयाला पोचतच नाही. बी नाही, म्हणून नवं रोप नाही. मादीच्या आसपास नर जिवंत असणं तर दूरच.

भर म्हणून हरणं. शिंगांवरची मखमल काढायला नर हरणं कोवळ्या खोडावर शिंगं घासतात, आणि टोरेयाची खोडं त्यांना पसंत पडतात. साल सोलली जाते. आजारातून कसाबसा वाचलेला फुटवा असाही जातो.

१९८४ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने टोरेयाला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं. त्या यादीत आलेल्या अगदी सुरुवातीच्या वृक्षांपैकी ती एक. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत ती ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

दोन निदानं

आता मूळ प्रश्न. लाखो वर्षं टिकलेलं झाड एकाएकी, एका दशकात का मरावं?

पहिलं उत्तर हवामानाचं. युक्तिवाद असा: हिमयुगात उत्तरेकडची झाडं दक्षिणेला सरकली आणि घळींमध्ये त्यांनी आसरा घेतला. चॅटाहूची नदी अपालाचियन डोंगरांतच उगम पावते, त्यामुळे बिया पाण्याबरोबर खाली आल्या असतील. हिमयुग संपल्यावर बाकीच्या प्रजाती हळूहळू उत्तरेला परतल्या. टोरेयाचं बी मोठं आणि जड, खारी ते फार तर काही मीटर नेणार, आणि नदी उलटी वाहत नाही. म्हणून टोरेया मागे राहिली, आणि वाढत्या उष्णतेत अशक्त झाली. अशक्त झाडाला कुठलाही रोग मारतो. या वाचनाप्रमाणे आजार हे नुसतं लक्षण ठरतं. मूळ दुखणं चुकीच्या जागी अडकल्याचं.

दुसरं उत्तर रोगाचं. कुठूनतरी बाहेरून आलेला रोगजंतू, ज्याच्याशी या झाडाची कधी गाठ पडली नव्हती. इतक्या झपाट्याने, सगळ्या घळींत एकदम झालेली पडझड हवामानाच्या संथ बदलाशी जुळत नाही, पण नव्या रोगाच्या साथीशी अगदी जुळते. पूर्व अमेरिकेने अशी साथ आधी पाहिली होती. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर आशियातून आलेली बुरशी दिसली आणि अर्ध्या शतकात अमेरिकन चेस्टनट हा महावृक्ष रानातून जवळजवळ पुसला गेला. तोही बुंध्यातून फुटतो, काही वर्षं वाढतो आणि पुन्हा मरतो. टोरेयाची अवस्था हुबेहूब तीच.

मग पन्नास वर्षं कोणालाच रोगजंतू का सापडला नाही? शोधणारे होते. अडचण अशी की मेलेल्या खोडातून नाना प्रकारच्या बुरशी वेगळ्या करता येतात, आणि त्यांतली मारेकरी कोण आणि मढ्यावर जगणारी कोण हे नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठी संशयित बुरशी शुद्ध स्वरूपात वाढवायची, निरोगी रोपाच्या सालीला छेद देऊन तिथे ती घालायची, महिनोन् महिने थांबायचं, रानातल्यासारखीच जखम येते का पाहायचं, आणि त्या जखमेतून तीच बुरशी पुन्हा वेगळी करून दाखवायची. निरोगी रोपंच दुर्मीळ, तीही कायद्याने संरक्षित. प्रयोगासाठी ती मारायची परवानगी कोण सहज देणार?

अखेर फ्लोरिडा विद्यापीठाच्या जेसन स्मिथ यांच्या गटाने हे सगळे टप्पे पार केले. खोडावरच्या जखमा फ्युझेरियम वंशाच्या एका अज्ञात बुरशीमुळे होतात हे २०११ च्या सुमारास पुढे आलं, आणि २०१३ मध्ये तिचं नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध झालं: फ्युझेरियम टोरेयी. वेन्सव्हिलची रोपं तोवर पाच पावसाळे-हिवाळे पाहून चुकली होती.

‘उत्तरेला न्या’ विरुद्ध ‘हलवू नका’

वादाला तोंड फुटलं ते २००४ मध्ये, ‘वाइल्ड अर्थ’ या नियतकालिकात. विज्ञानलेखिका कॉनी बार्लो आणि ॲरिझोना विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी लिहिलं की टोरेयाला ताबडतोब उत्तरेला हलवा. मार्टिन हे हिमयुगातले मोठे प्राणी माणसाच्या शिकारीमुळे संपले, या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध. हजारो वर्षांच्या मापाने विचार करायची त्यांना सवय, त्यामुळे ‘मूळ जागा’ ही कल्पनाच त्यांना तात्पुरती वाटे. आज जिथे झाड आहे ते त्याचं घर कशावरून, हा त्यांचा प्रश्न चांगलाच होता.

त्याच अंकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले मार्क श्वार्ट्झ यांनी उलट बाजू मांडली. टोरेयाच्या लोकसंख्येचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं घळींत उतरून केला होता. त्यांचा मुद्दा असा की हलवण्याची पद्धत एकदा रूढ झाली की अधिवास वाचवण्याची निकड ढिली पडते, आणि नव्या जागी काय होईल हे कोणाला ठाऊक नसतं. शिवाय टोरेया अलीकडच्या हिमयुगाआधी अपालाचियनमध्ये होती याचा थेट जीवाश्म पुरावा नाही. त्यावर बार्लोंच्या बाजूचं उत्तर, की टोरेयाचे परागकण इतर जवळच्या झाडांच्या कणांपासून वेगळे ओळखणंच अवघड, तेव्हा पुरावा नसणं म्हणजे झाड नसणं नव्हे. इथे दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि म्हणून वाद पुढे सरकेना.

गार्डियन्सच्या हाती एक पत्ता जोरदार होता. नॉर्थ कॅरोलायनातच ॲशव्हिलजवळ बिल्टमोर या जुन्या इस्टेटीच्या बागेत चॉन्सी बीडल या उद्यानतज्ज्ञाने १९३९ च्या सुमारास टोरेया लावल्या होत्या. तिकडचे हिवाळे सोसून ती झाडं मोठी झाली, बी धरू लागली. म्हणजे ही प्रजाती थंडीत टिकते, हे कागदावर नव्हे तर जमिनीत सिद्ध झालेलं होतं. वेन्सव्हिलच्या आणि नंतरच्या कित्येक लागवडींचं बी याच प्रकारच्या जुन्या बागांतून आलं. पुढे ओहायो आणि मिशिगनपर्यंत रोपं गेली.

कायद्याची बाजू गमतीची आहे. अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजाती कायदा प्राण्यांना जितकं संरक्षण देतो तितकं वनस्पतींना देत नाही. सरकारी जमिनीवरून झाड उपटणं, राज्याबाहेर त्याची विक्री करणं यावर बंधन. खासगी बागेतल्या झाडाचं बी मित्राला फुकट देऊन त्याच्या रानात लावायला मात्र आडकाठी नाही. वाघ किंवा अस्वल असं कोणी उचलून सहाशे किलोमीटरवर सोडलं असतं तर तुरुंगात गेला असता.

जी गोष्ट वादात बाजूला राहिली

२०१३ नंतर ‘हलवू नका’ म्हणणाऱ्यांचं सर्वांत मोठं कारण बदलायला हवं होतं, आणि काही अंशी बदललंही. झाड हलवताना त्याच्याबरोबर बुरशी जाईल का?

दक्षिण अपालाचियनमधले सूचिपर्णी आधीच घायाळ आहेत. हेमलॉकला आशियातून आलेला, पांढऱ्या लोकरीसारखा दिसणारा कीटक शोषतो आहे. उंचावरच्या फ्रेझर फरला त्याच जातकुळीच्या युरोपीय कीटकाने उभं वाळवलं. अशा जंगलात खोडाला जखमा करणारी, नुकतीच नाव मिळालेली बुरशी गेली आणि तिने दुसऱ्या एखाद्या प्रजातीवर बस्तान बसवलं, तर टोरेया वाचवण्याच्या नादात आणखी एक झाड गमवावं लागेल. चेस्टनटची बुरशीही शोभेच्या आशियाई झाडांसोबतच आली होती, आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता.

ही भीती अतिरंजित नाही याला वॉलेमी पाइनचा दाखला पुरेसा आहे. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये एका दुर्गम दरीत सापडलेल्या या सूचिपर्णीची जागा सरकारने गुप्त ठेवली. तरीही २००५ मध्ये तिथे मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा रोगजंतू आढळला. विनापरवाना आलेल्या कोणाच्या तरी बुटांच्या चिखलातून तो पोचला असावा, असं मानतात. झाड न हलवताही रोग हलतो, तर झाडाबरोबर का नाही?

गार्डियन्सचा प्रतिवाद असा की आम्ही बी नेतो, आणि तेही फ्लोरिडाच्या घळींतून न घेता निरोगी बागांतून. यात तथ्य आहे. जखम होते ती खोडाला. छाट कलम नेलं तर खोडाचा तुकडाच नव्या जागी जातो. बी नेलं तर तो धोका बराच कमी होतो, शून्य मात्र होत नाही. वीस-पंचवीस खासगी मालकांच्या रानात पसरलेल्या रोपांची तपासणी करणारी कुठलीही एक यंत्रणा नाही, आणि माझ्या मते या सगळ्या उपक्रमाची सर्वांत कच्ची बाजू हीच.

दुसरी कच्ची बाजू जनुकांची. मोजक्या जुन्या झाडांच्या बियांतून हजार रोपं केली तरी ती हजार प्रती त्या मोजक्या झाडांच्याच. घळींमध्ये मरत-फुटत असलेल्या शेकडो खोडांत जी विविधता अजून शिल्लक आहे, तिचा बिल्टमोरच्या बियांत अंशच असणार. एखाद्या फुटव्यात या बुरशीला थोडीफार दाद न देणारं जनुक असलं, तर ते आज घळीत आहे.

अटलांटाचं काम

या प्रकरणात ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं, त्यांनीच सर्वांत जास्त केलं. १९९० च्या सुमारास घळींमधल्या झाडांची छाट कलमं गोळा करून ती वेगवेगळ्या वनस्पती उद्यानांत पाठवली गेली. त्यांतला मोठा संग्रह अटलांटा बोटॅनिकल गार्डनने जोपासला. कुठलं कलम कुठल्या घळीतल्या कुठल्या खोडाचं, याची नोंद ठेवून.

कलम करण्यातली एक अडचण सांगण्यासारखी आहे. टोरेयाच्या आडव्या फांदीचं कलम केलं तर त्याला मुळं फुटतात, पण ते वर वाढत नाही. आपण अजून फांदीच आहोत अशा थाटात जमिनीलगत आडवं पसरत राहतं. सरळ झाड हवं तर सरळ वाढणारा शेंडा कापून घ्यावा लागतो. आणि ज्या फुटव्याला मोजून एकच सरळ शेंडा आहे, तोही आजारी, त्याचा शेंडा कापायचा का? रानात उभ्या माणसाला हा निर्णय प्रत्येक खोडापाशी घ्यावा लागतो.

बियांची अडचण त्याहून मोठी. बहुतेक वनस्पतींचं बी वाळवून, गोठवून बीजपेढीत दशकानुदशकं ठेवता येतं. टोरेयाचं बी वाळवलं की मरतं. त्यामुळे बीजपेढीचा नेहमीचा रस्ता बंद. अटलांटाच्या उद्यानाने जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांबरोबर यावर वाट काढली: बियांतल्या ऊतींपासून प्रयोगशाळेत असंख्य भ्रूण तयार करायचे आणि ते द्रव नायट्रोजनच्या थंडीत साठवायचे. रोप हवं तेव्हा त्यातून वाढवता येतं. रोगाच्या चाचण्यांसाठी रोपं मारायला लागतात ही जी अडचण वर सांगितली, तीही यामुळे सैल होते.

यातली गंमत हलवाहलवीच्या वादात कोणी फारशी बोलून दाखवत नाही. अटलांटा शहर घळींपासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला आहे. म्हणजे ‘हलवू नका’ म्हणणाऱ्या व्यवस्थेने टोरेया केव्हाच हलवली होती. फरक एवढाच की ती कुंपणाच्या आत आहे, प्रत्येक झाडाला क्रमांक आहे, आणि आजारी दिसलं तर त्याकडे पाहायला माणूस आहे. ‘स्थलांतर हवं की नको’ असा प्रश्न विचारला की हा फरक हातातून निसटतो. नोंद आणि देखरेख कोणाकडे, असा विचारला तर लगेच दिसतो.

मायकेल

१० ऑक्टोबर २०१८ रोजी मायकेल हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि थेट अपालाचिकोलाच्या खोऱ्यातून वर गेलं. टोरेया स्टेट पार्कमधली आणि आसपासच्या घळींमधली बहुतेक मोठी झाडं आडवी झाली. टोरेया सावलीत वाढणारी. एका दुपारीत तिचं छप्पर गेलं. जी खोडं पडलेल्या ओंडक्यांखाली चेंगरली नाहीत, ती भर उन्हात आली, आणि त्या उन्हात तण आणि वेली माजल्या.

उद्यानाचे आणि वनखात्याचे लोक करवती घेऊन वाट काढत एकेक नोंदलेलं खोड शोधत गेले. जिवंत सापडलेल्यांची कलमं घेतली, उघड्यावर आलेल्यांभोवती हरणांसाठी जाळीचे पिंजरे लावले. या वादळाने हवामानवाल्यांचं म्हणणं एका वेगळ्याच अंगाने बळकट केलं. सरासरी तापमान राहू द्या, सगळी प्रजाती पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात असेल तर एक वादळ पुरतं. निदान चुकलेलं असूनही ‘दुसऱ्या जागी झाडं असावीत’ हा त्यांचा आग्रह बरोबर ठरला. बार्लोंवर टीका करताना हे श्रेय द्यायला हवं.

आता कुठे आहोत

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने नियमात बदल केला. पूर्वी संकटग्रस्त प्रजातीचा प्रायोगिक गट रानात वसवायचा तर तिच्या ऐतिहासिक क्षेत्रातच, असा नियम होता. आता गरज असल्यास त्या क्षेत्राबाहेरही वसवता येतो. गार्डियन्सनी कायद्यातल्या फटीतून जे केलं, त्याला सरकारी दरवाजा पंधरा वर्षांनी उघडला. जगातल्या सहाशेहून अधिक सूचिपर्णी प्रजातींपैकी सुमारे एक तृतीयांश धोक्यात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच एखाद्या डोंगरउतारापुरत्या किंवा बेटापुरत्या उरल्या आहेत. हा दरवाजा फक्त टोरेयासाठी नाही.

टोरेयापुरतं बोलायचं तर मला पुढचा क्रम असा दिसतो. अटलांटाच्या संग्रहातल्या वेगवेगळ्या वंशांच्या रोपांवर फ्युझेरियमची चाचणी घेऊन कोण किती तग धरतं ते पाहणं सर्वांत आधी. त्यासाठी लागणारी रोपं आता भ्रूणांपासून मिळू शकतात. त्याच चाचणीत हेमलॉक, फ्रेझर फर आणि लाल स्प्रूसही हवेत, म्हणजे उत्तरेच्या जंगलांना खरा धोका किती ते कळेल. तो धोका मोठा निघाला तर ओहायो-मिशिगनच्या खासगी रानांत लावलेल्या झाडांचं काय करायचं, हा अप्रिय प्रश्न उभा राहील, आणि ती झाडं कुठे आहेत याची यादी सरकारपेक्षा गार्डियन्सकडेच जास्त पक्की आहे. तेव्हा त्यांना गुन्हेगार ठरवून चालणार नाही. धोका छोटा निघाला तर अटलांटाच्या नोंदलेल्या वंशांचं बी उत्तरेच्या त्या वाढलेल्या झाडांजवळ लावून दोन्ही संग्रह एकत्र आणता येतील. नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे कुठे कुठलं लावायचं हे तेव्हा पुन्हा मोजूनमापून ठरवावं लागेल. बी पिकायला दोन हंगाम, आणि रोपाला बी धरण्याच्या वयाला यायला त्याहून कितीतरी जास्त.

घळींमध्ये तोवर पिंजरे तपासत राहावे लागतील. पडलेल्या फांद्या जाळीवर येतात, वेली चढतात, आणि जाळी वाकली की हरणाचं शिंग आत पोचतं.